जपानी काळा पाइन बियांपासून : कोल्हापूरच्या हवेत पेरणी ते पहिली छाटणी

कोल्हापुरातील एखाद्या रोपवाटिकेत जाऊन पाइनचे रोप मागितले, तर बहुतेक वेळा समोर अरॉकेरियाची कुंडी ठेवली जाते, ज्याला आपल्याकडे सर्रास ख्रिसमस ट्री म्हणतात. नाहीतर सुरूचे रोप दाखवले जाते. दोन्ही झाडे आपापल्या जागी चांगली आहेत, परंतु त्यांपैकी एकही पाइन नव्हे. सुरूच्या ज्यांना आपण सुया समजतो, त्या खरे तर सांधेदार हिरव्या काड्या असतात आणि त्याची पाने म्हणजे त्या सांध्यांवरचे बारीक खवले. पाइनची सुई मात्र खरोखरचे पान असते. जपानी काळ्या पाइनमध्ये या सुया दोन-दोनच्या जोडीने येतात, गडद हिरव्या, ताठ आणि टोकाला चांगल्याच बोचणाऱ्या असतात, आणि फांदीच्या शेंड्यावरील कळी पांढरट, रेशमी धाग्यांत गुंडाळल्यासारखी दिसते. याचाच भाऊबंद असलेल्या लाल पाइनची कळी तांबूस आणि सुया मऊ असतात. म्हणून जपानात काळ्याला ‘ओमात्सु’, म्हणजे नर पाइन, आणि लालला ‘मेमात्सु’, म्हणजे मादी पाइन, असेही म्हणण्याची पद्धत आहे. काळ्या पाइनचे रोजच्या वापरातील जपानी नाव ‘कुरोमात्सु’ आणि शास्त्रीय नाव पायनस थुनबर्गी. हे नाव १७७५ मध्ये जपानात पोहोचलेले स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग यांच्यावरून पडले आहे.

हे झाड मूळचे जपानच्या आणि दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावरचे. कोकणात समुद्रालगत वारा आणि वाळू अडवण्यासाठी सुरूची बने लावली गेली, तेच काम जपानी किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या पाइनकडून करून घेतले गेले. रिकुझेनताकाता या गावच्या किनाऱ्यावर काळ्या आणि लाल पाइनचे सुमारे ७०,००० झाडांचे जुने बन होते. मार्च २०११ च्या त्सुनामीत ते वाहून गेले आणि त्यातले एकच झाड उभे राहिले. परंतु मुळांशी खारे पाणी साचल्यामुळे पुढच्याच वर्षी तेही वाळले. ही हकिकत मी मुद्दाम सांगतो आहे. वाऱ्याबरोबर येणारे मीठ, उन्हाचा तडाखा, निकृष्ट रेताड जमीन हे सारे पाइन सोसतो. मुळांचा श्वास कोंडला की मात्र तो हार मानतो. कोल्हापुरात खारे पाणी नाही, पण जून ते सप्टेंबर असे चार महिने कुंडीतील माती ओलीच राहते, आणि ती ओल उबदार असते. बी उगवणे हा या कामातील सोपा भाग आहे. रोप पहिल्या पावसाळ्यातून सुखरूप बाहेर काढणे हीच खरी कसोटी आहे, आणि पुढे दिलेली प्रत्येक कृती त्या कसोटीकडे लक्ष ठेवूनच ठरवलेली आहे.

पेरणीचा काळ

जपानी पद्धतीच्या मार्गदर्शनात पेरणी वसंतात, मार्च-एप्रिलमध्ये, करावी असे सांगितलेले असते. तेथे त्या काळात थंडी सरत असते आणि पुढे रोपाला सौम्य हवेचे दोन-तीन महिने मिळतात. आपल्याकडे मार्चमध्ये पेरलेले रोप जेमतेम बोटभर होते न होते तोच पारा ३७-३८ अंशांवर जातो, आणि त्या उन्हातून जे वाचते ते कोवळ्या देठानिशीच मृगाच्या पावसात सापडते. मी पहिल्या वर्षी अगदी असेच केले. उगवण उत्तम झाली होती, एप्रिलभर मी रोपांना हिरव्या जाळीखाली जपले होते, आणि जुलै संपताना ट्रेमध्ये एकही रोप उरले नव्हते. चूक बियांची नव्हती, पंचांगाची होती.

कोल्हापूरसाठी पेरणीचा योग्य काळ ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य, म्हणजे साधारण दिवाळीच्या आगेमागे, हा आहे. परतीचा पाऊस ओसरलेला असतो, दिवसा तापमान ३० अंशांच्या आसपास आणि रात्री २० च्या खाली उतरू लागलेले असते, आणि पाइनच्या उगवणीला २० ते २५ अंशांची जी हवा मानवते ती दिवसाचा बराच वेळ मिळते. त्यापुढे फेब्रुवारीपर्यंत कोरडी, थंडावलेली, भरपूर उन्हाची हवा असते. अशा रीतीने पेरलेले रोप मे महिन्यात सहा महिन्यांचे आणि पावसाळा सुरू होताना सात महिन्यांचे होते. तोपर्यंत त्याच्या देठाचा खालचा भाग लाकडासारखा कठीण झालेला असतो. दिवाळीत पेरायचे, तर बी फ्रीजमध्ये ठेवण्याचे काम सप्टेंबरच्या मध्यास सुरू करावे लागते.

बी मिळवणे आणि पारखणे

परदेशातून बी थेट टपालाने मागवण्याचा मोह टाळावा. वनस्पती आणि बियाणे यांच्या आयातीसाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि पाइनच्या बाबतीत ही खबरदारी निव्वळ कागदी नाही. उत्तर अमेरिकेतून गेलेल्या एका सूक्ष्म सूत्रकृमीने विसाव्या शतकात जपानमधील पाइनची वने मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केली आहेत, आणि आपल्या हिमालयात चीड पाइनची विस्तीर्ण जंगले उभी आहेत. रीतसर आयात केलेले बी भारतातील विक्रेत्यांकडे मिळते. ते घेताना कोणत्या हंगामात गोळा केलेले आहे आणि कसे साठवलेले आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. निळ्या-जांभळ्या सुयांची चित्रे दाखवून विकले जाणारे बी घेऊ नये. तसा काळा पाइन अस्तित्वात नाही.

चांगले बी सुमारे अर्धा सेंटिमीटर लांब, लांबट गोल, करडे ते काळपट तपकिरी असते. त्याला मूळचा एक पातळ पंख असतो, तो विक्रीपूर्वी बहुधा काढलेला असतो. पुडीतील एक-दोन बिया बळी देण्याची तयारी ठेवून त्या ब्लेडने उभ्या कापून पाहाव्यात. आतील गर पांढरा, घट्ट आणि कवच पूर्ण भरणारा असेल तर बी जिवंत आहे. पिवळा, आक्रसलेला किंवा पोकळ असेल तर ती पुडी परत करावी. पहिल्या खेपेस किमान ५० बिया घ्याव्यात. दहा बियांवर हा प्रयोग केल्यास चूक कोठे झाली हेच कळत नाही.

फ्रीजमधील हिवाळा

जमिनीवर पडलेले पाइनचे बी जपानी हिवाळा ओल्या थंडीत काढते आणि मग वसंतात उगवते. ताजे बी या थंडीशिवायही काही प्रमाणात उगवते, परंतु मागेपुढे, महिनाभर रेंगाळत. सर्व रोपे एका वयाची असली की त्यांची निगा राखणे सोपे जाते, म्हणून हा संस्कार टाळू नये.

बी प्रथम २४ तास साध्या, शक्य तर साठवलेल्या पावसाच्या पाण्यात भिजवावे. बुडालेले बी भरलेले असते. तरंगणारे बी लगेच फेकू नये, बोटाने एकदा बुडवून पाहावे आणि दिवसभरानंतरही वर येत असेल तरच बाजूला काढावे. नंतर बी निथळून कॅप्टनसारख्या बुरशीनाशकाच्या चिमूटभर भुकटीत घोळवावे आणि धुतलेल्या, उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या ओलसर वाळूत मिसळावे. वाळू मुठीत दाबली असता तिचा मुटका व्हावा, पण बोटांतून पाणी ओघळू नये, इतकीच ओल असावी. हे मिश्रण प्लास्टिकच्या पिशवीत भरून, पिशवीवर तारीख लिहून, फ्रीजच्या खालच्या भागात ३ ते ५ अंशांवर ४० ते ४५ दिवस ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास भिजलेला गर गोठून बी मरते. दर आठवड्याला पिशवी उघडून हवा द्यावी आणि वास घ्यावा. आंबूस वास आला किंवा पांढरे जाळे दिसले, तर बी धुऊन पुन्हा नव्या वाळूत घालावे. घरातील मंडळींना पिशवीत काय आहे ते सांगून ठेवणे हेही या पायरीचाच भाग समजावे.

मिश्रण

सर्वाधिक कष्ट येथे घ्यावेत. आपल्याकडील काळी माती उसाला सोने आहे, पण पाइनच्या कुंडीत तिचा एक चमचाही घालू नये. ती ओली झाली की फुगून मुळांभोवतीची हवा कोंडते, वाळली की आक्रसून कोवळी मुळे तोडते, आणि तिच्यात बहुधा चुनखडी असते, तर पाइनला किंचित आम्ल, साधारण ५.५ ते ६.५ सामूचे, माध्यम लागते.

जपानात यासाठी ‘आकादामा’ नावाची भाजल्यासारखी कणीदार माती वापरतात. ती आपल्याकडे महाग पडते आणि आपल्या पावसात एक-दोन वर्षांत विरघळून चिखल होते. तिच्या जागी मी जुन्या मंगलोरी कौलांचा चुरा वापरतो. कोल्हापुरात जुनी घरे उतरवली जात असताना अशी कौले ढिगाने मिळतात. कुंभार गल्लीत फुटलेल्या पक्क्या भाजणीच्या कुंड्यांचे तुकडेही चालतात. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटांनी चोळावा. त्याची लाल पेस्ट हाताला लागली तर भाजणी कच्ची आहे, तो टाकून द्यावा. चांगले तुकडे गोणपाटात बांधून हातोड्याने फोडावेत आणि दोन चाळण्यांतून काढावेत: चार मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेले पुन्हा फोडायचे आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गळालेली धूळ टाकून द्यायची. ही धूळ टाकताना हात आखडतो, कारण निम्मा माल तिच्यात जातो असे वाटते. पण तीच धूळ जुलैमध्ये कुंडीच्या तळाशी बसून पाण्याची वाट बंद करते.

चार भाग हा चुरा, तीन भाग त्याच मापाने चाळलेली खडबडीत वाळू किंवा काळ्या दगडाची बारीक कच, दोन भाग प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि एक भाग धुतलेले कोकोपीट असे प्रमाण पेरणीसाठी चांगले जमते. प्युमिस न मिळाल्यास कौलांचा चुराच तेवढा वाढवावा आणि त्यात मूठभर लोणारी कोळशाचे बारीक तुकडे घालावेत. वाळूवर लिंबाचे चार थेंब पिळून पाहावे. फेस आला तर तिच्यात चुना आहे आणि ती बाद. कोकोपीट तीन पाण्यांतून धुवावे, कारण त्यात क्षार असतात. फाउंड्रीतील वापरलेली वाळू आपल्या भागात फुकट मिळते आणि दिसायलाही स्वच्छ दिसते, परंतु तिच्यात साचे घट्ट करण्यासाठी घातलेली माती आणि रसायने मिसळलेली असतात. ती आणू नये. शेणखत तर या टप्प्यावर कटाक्षाने टाळावे. त्यातून बुरशी येते, आणि ऊसपट्ट्यात त्याहून वाईट म्हणजे हुमणी येते. एकच अळी एका रात्रीत ट्रेमधील रोपांची मुळे खाऊन मोकळी होते, आणि वरून रोप दोन दिवस हिरवेच दिसत राहते.

पेरणी आणि पहिले आठ आठवडे

आठ-दहा सेंटिमीटर खोल आणि तळाला भरपूर छिद्रे असलेला ट्रे घ्यावा. मिश्रण भरून त्यावर उकळते पाणी ओतावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि मग तीन-तीन सेंटिमीटर अंतरावर बी आडवे ठेवून वर एक सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ वाळूचा थर द्यावा. ट्रे विटांवर उचलून ठेवावा, म्हणजे खालून वारा खेळतो. वरून बारीक जाळी बांधणे अत्यावश्यक आहे, कारण उगवताना बी डोक्यावर घेऊनच येणारे हे रोप चिमण्या आणि खारी यांच्या दृष्टीने वाढून ठेवलेले ताट असते.

दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत उगवण चालते. प्रथम वाळूत बारीक भेग पडते, मग वाकलेल्या मानेसारखा लालसर देठ वर येतो, आणि दोन-तीन दिवसांत ती मान सरळ होऊन रोप ताठ उभे राहते. त्याच्या डोक्यावर बियांचे रिकामे कवच तान्ह्या बाळाच्या टोपऱ्यासारखे बसलेले असते. ते ओढून काढण्याची इच्छा आवरावी, कारण आतील बीजपत्रांची टोके अजून त्यातून अन्न शोषत असतात आणि ओढताना शेंडा तुटतो. पहाटेच्या दवाने कवच मऊ होते आणि आपसूक गळते. मग सात-आठ बारीक हिरवी बोटे छत्रीसारखी उघडतात आणि त्यांच्या मधोमध निळसर झाक असलेल्या एकेकट्या कोवळ्या सुया दिसू लागतात. जोडीने येणाऱ्या खऱ्या सुया बऱ्याच पुढे, बहुधा दुसऱ्या वर्षी येतात. त्यामुळे आपल्याला भलतेच बी मिळाले अशी शंका घेऊ नये.

याच काळात रोपे कोलमडण्याचा रोग येतो. सकाळी ताठ असलेले रोप संध्याकाळी आडवे पडलेले दिसते. जवळून पाहिले तर देठ वाळूच्या रेषेवर दोऱ्यासारखा बारीक आणि पाणीदार झालेला असतो, वरची छत्री मात्र अजून टवटवीत असते. असे रोप वाचत नाही. ते आजूबाजूच्या मिश्रणासह चमच्याने उचलून टाकावे आणि उरलेल्या ट्रेला लिटरमागे २ ग्रॅम कॅप्टन मिसळलेल्या पाण्याची आळवणी द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी फक्त सकाळी द्यावे, वरचा वाळूचा थर दुपारपर्यंत कोरडा झालेला दिसला पाहिजे, आणि ट्रेवर प्लास्टिक किंवा काच ठेवली असेल तर ती उगवण दिसताच काढून टाकावी. उघडे ऊन आणि वाहता वारा यांइतके परिणामकारक बुरशीनाशक दुसरे नाही. ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीवर मात करणारी उपयुक्त बुरशी वापरायची असल्यास ती रासायनिक बुरशीनाशकाबरोबर एकाच वेळी घालू नये, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. अन्यथा एकाने दुसऱ्याला मारण्यासाठीच आपण पैसे खर्च केलेले असतात.

देठ कापून नवी मुळे आणणे

बोन्सायसाठी झाड वाढवायचे असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत, रोप सहा ते आठ आठवड्यांचे असताना, एक धाडसी वाटणारी क्रिया करतात. बियांतून आलेले रोप एक लांब सोटमूळ सरळ खाली सोडते. पुढे खोडाच्या बुंध्याशी चहूबाजूंनी पसरलेली मुळे हवी असतील, ज्यांना बोन्सायच्या परिभाषेत ‘नेबारी’ म्हणतात, तर ते सोटमूळच काढून टाकावे लागते.

ट्रेमधील सर्वांत जाड देठाची, बीजपत्रांच्या मधोमध सुया फुटू लागलेली रोपे निवडावीत. आदल्या दिवशी पाणी द्यावे. नवे ब्लेड स्पिरिटने पुसून, बीजपत्रांखाली सुमारे दोन सेंटिमीटर देठ ठेवून, एका फटक्यात अगदी आडवा काप घ्यावा. काप तिरका झाला तर मुळे एकाच बाजूने फुटतात, आणि मग या सगळ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही. कापलेले टोक आयबीए या मूळवर्धक भुकटीत हलकेच टेकवावे, जादा भुकटी झटकावी, निम्मी वाळू आणि निम्मे कोकोपीट यांच्या ओलसर मिश्रणात काडीने भोक पाडून रोप त्यात उभे करावे आणि बाजूने दाबावे. काडी न वापरता देठ खुपसल्यास भुकटी वरच पुसली जाते. या रोपांवर पारदर्शक डबा उपडा घालून ती उजेडाच्या परंतु थेट ऊन नसलेल्या जागी ठेवावीत. चार ते सहा आठवड्यांनी मधली सुई वाढताना दिसली की मुळे धरली असे समजावे, आणि डबा एकदम न काढता आठवडाभर रोज थोडा अधिक वेळ उचलून ठेवावा.

काही रोपे यात जातातच. म्हणून निम्मी रोपे न कापता तशीच वाढू द्यावीत असा माझा आग्रह आहे. ज्यांना अंगणात मोठे झाड करायचे आहे, त्यांनी तर ही क्रिया करूच नये; त्यांच्या झाडाला सोटमुळाचा आधार हवा असतो.

पहिला उन्हाळा

पाइनला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते, त्यामुळे रोपे गच्चीवर किंवा अंगणात उघड्यावरच असावीत, बैठकीच्या खोलीत कधीही नसावीत. थंडीतही ती आत आणू नयेत; कोल्हापूरची १४-१५ अंशांची रात्र या झाडाला सुखाचीच असते. मार्चच्या मध्यापासून मात्र दुपारी अकरा ते चार ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावावी. उन्हापेक्षाही कुंडीचे तापणे अधिक घातक असते. काळी प्लास्टिकची कुंडी गच्चीच्या सिमेंटवर ठेवल्यास मुळे अक्षरशः शिजतात. कुंड्या फळीवर घ्याव्यात, किंवा मोठ्या मातीच्या परळात वाळू भरून तिच्यात त्या निम्म्या पुरून ठेवाव्यात.

बोअरवेलचे पाणी वापरत असल्यास मिश्रणावर पांढरा थर दिसू लागतो आणि नव्या सुया पिवळट येतात. पाणी जड असल्याची ती खूण आहे. पावसाळ्यात एखादे पिंप भरून ठेवलेले पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर दिले, तरी क्षार खाली निघून जातात. मार्च ते मे हा लाल कोळीचाही हंगाम आहे. सुया फिकट, धुरकट दिसू लागल्या तर रोपाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर कोळी आहे. दोन-तीन दिवसांआड सुया खालून-वरून पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्यास तो बहुधा आटोक्यात येतो.

पहिला पावसाळा

वळवाच्या दोन-चार सरींनी रोपांवर जी टवटवी येते, ती पाहून आपण निर्धास्त होतो. त्याच आठवड्यात पुढची तयारी पूर्ण झालेली असली पाहिजे. रोपांवर पारदर्शक पत्र्याचे किंवा जाड प्लास्टिकचे छत हवे. बाजू चारही दिशांनी उघड्या हव्यात. हिरवी जाळी काढून टाकावी, कारण जुलैत येथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि उजेडाचा प्रत्येक कवडसा मोलाचा असतो. कुंड्यांखालील ताटल्या काढाव्यात. प्रत्येक कुंडी एका बाजूने विटेच्या तुकड्यावर टेकवून तिरकी ठेवावी; सपाट ठेवलेल्या कुंडीच्या तळाशी जे पाणी धरून राहते, ते तिरकी केल्यावर एका कडेला उतरून छिद्रातून निघून जाते. कुंडी हातात धरून एकदा सपाट आणि एकदा तिरकी करून पाहा, ठिबकणारे पाणी डोळ्यांना दिसते.

पाणी केव्हा द्यावे हे पावसाळ्यात दिवस मोजून ठरवता येत नाही. अगरबत्तीच्या जाडीची बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खोचून ठेवावी आणि सकाळी उपसून पाहावी. काडीचा खालचा भाग ओला व गडद असेल तर पाणी देऊ नये, मग वरचा थर कितीही वाळलेला दिसो. २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुराने शहराला वेढले होते, तेव्हा माझ्या छताखालील रोपांना सलग अकरा दिवस मी थेंबभरही पाणी दिले नाही आणि एकही रोप सुकले नाही.

सुयांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे किंवा लालसर ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. बाधित सुया हाताने काढून जाळाव्यात, कुंड्यांतील अंतर वाढवावे आणि पावसाची उघडीप साधून कॉपर ऑक्सिक्लोराइड वेष्टनावरील प्रमाणात फवारावे. मात्र सर्व रोपांची आतल्या बाजूची, जुनी पाने एकसारखी पिवळी होऊन गळत असतील तर घाबरू नये. पाइन जुन्या सुया अशाच टाकतो. नवा शेंडा फिकट पडणे हे संकटाचे लक्षण आहे. तसे दिसल्यास रोप मिश्रणासह अलगद काढून मुळे पाहावीत. काळी, मऊ, साल सुटणारी मुळे म्हणजे कुजणे. पांढऱ्या धाग्यांची जाळी मात्र शुभ असते. ती पाइनच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आहे, मुळांना पाणी आणि स्फुरद मिळवून देते. ज्यांच्याकडे जुना, निरोगी पाइन आहे त्यांच्याकडून कुंडी बदलताना निघालेले मूठभर मिश्रण मागून घ्यावे आणि आपल्या मिश्रणात मिसळावे.

दुसऱ्या वर्षापासून

खत पेरणीनंतर पहिले तीन महिने मुळीच देऊ नये. त्यानंतर लाकडी घाण्यावरची शेंगदाणा पेंड पाण्यात आठवडाभर आंबवून, वरचे पाणी वीसपट पातळ करून पंधरा दिवसांतून एकदा द्यावे. जून ते ऑगस्ट खत बंद ठेवावे आणि गणपतीनंतर पुन्हा सुरू करावे.

पहिल्या वर्षाअखेर रोप पाच ते दहा सेंटिमीटरच असते, हे मनाशी धरून ठेवावे. पेरणीनंतरच्या दुसऱ्या जानेवारी-फेब्रुवारीत, शेंड्यांची कळी फुगण्याच्या आधी, रोपे स्वतंत्र कुंड्यांत हलवावीत. मुळांचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये आणि सगळे जुने मिश्रण धुऊन काढू नये. या टप्प्यावर मी कुंडीऐवजी तांदूळ धुण्याची प्लास्टिकची रोवळी वापरतो. तिच्या सर्व बाजूंनी हवा आत शिरते, भोकाशी आलेले मूळ हवेने वाळते आणि मागे नवी उपमुळे फुटतात. त्यामुळे मुळे कडेने गोल फिरत नाहीत, आणि पावसाळ्यात पाणी साचण्याचा प्रश्नच उरत नाही. उन्हाळ्यात मात्र रोवळी दिवसातून दोनदा पाणी मागते.

खोडाला वळण द्यायचे ते दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, देठ पेन्सिलीपेक्षा बारीक असताना. ॲल्युमिनियमची तार बुंध्यापासून वर गुंडाळावी, पहिले वळण मातीच्या अगदी जवळ द्यावे आणि तार सालीत रुतण्यापूर्वी कापून काढावी. उलगडत बसल्यास कोवळी साल सोलवटते. खोड जाड व्हावे म्हणून खालची एखादी फांदी चार-पाच वर्षे मुक्त वाढू द्यावी आणि खोडाने हवी तेवढी जाडी धरली की ती कापावी. तोवर शेंडे खुडत राहिल्यास झाड नीटनेटके दिसते, परंतु खोड काडीसारखेच राहते.

सुया आखूड करण्यासाठी वसंतातील मेणबत्तीसारखे उभे कोंब कापण्याची जी ‘मेकिरी’ नावाची छाटणी जपानात जून-जुलैमध्ये करतात, ती झाड पाच-सहा वर्षांचे, सशक्त आणि आदल्या वर्षभर चांगले खत खाल्लेले असेल तरच करावी. जूनमध्ये आपल्याकडे ती जखम थेट पावसात सापडते आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत नवे कोंब उजेडाअभावी लांबट, लुळे येतात. म्हणून मी माझ्या झाडांवर ही छाटणी गणपती विसर्जनानंतर, सलग चार दिवस उघडीप मिळाल्यावर करतो. आधी कमजोर, खालचे कोंब कापायचे, आठ-दहा दिवसांनी वरचे जोरकस कोंब कापायचे, म्हणजे दोन्हींची नवी फूट साधारण एका ताकदीची येते. कापाच्या तळाशी जुन्या सुयांच्या सहा-सात जोड्या शिल्लक ठेवायच्या. ऑक्टोबरच्या उन्हात त्या जोड्यांच्या मधून दोन-तीन पांढरट टोके वर येतात. त्यांतील दोन, डावी-उजवीकडे झुकलेली, ठेवून मधली जाणारी कात्रीने काढून टाकावी.